गाडी दस्तुरीला थांबते



सुट्टी संपून शाळा सुरू झाली की निबंधाचा एक विषय ठरलेलाच असतो : 'मी केलेला प्रवास'. हे निबंध तुम्हीही तपासले असतील. "आम्ही पहाटे उठलो. आईने डबा भरला. आम्ही गाडीत बसलो. मग घाट लागला आणि आम्ही पोहोचलो." त्यानंतर सगळं पोहोचल्यावरचं. पॉइंट, चिक्की, घोडा, फोटो. म्हणजे निबंधाचं नाव प्रवास, आणि प्रवास एका ओळीत संपलेला!

आजकालच्या मुलांना उंचावरचा प्रवास म्हटलं की लेह-लडाखचे व्हिडिओ आठवतात. लेह साधारण साडेतीन हजार मीटरवर आहे, तिथे जाणं सगळ्यांना जमेलच असं नाही. पण आपल्या भिवपुरीच्या मुलांना तेवढं लांब जायची गरज काय? मान वर केली की माथेरानचा डोंगर दिसतो. उंची सुमारे आठशे मीटर. भिवपुरी रोडहून नेरळ रेल्वेने एकच स्टेशन, आणि तिथून घाट सुरू. गंमत म्हणजे हे एवढंसं गाव एका बाबतीत लेहपेक्षाही अवघड आहे. लेह शहरात आपली गाडी जाते. माथेरानच्या बाजारात मात्र ती जात नाही.

म्हणून यंदा मुलांना हाच प्रवास लिहायला द्या, असं मी सुचवते. तो दोन भागांत लिहायला सांगा. पहिला भाग गाडी चालते तोपर्यंतचा आणि दुसरा गाडी थांबल्यानंतरचा.

पहिल्या भागात विज्ञान आणि गणित भरपूर आहे. नेरळपासून दस्तुरी नाक्यापर्यंत रस्ता जेमतेम आठ-नऊ किलोमीटरचा, पण तेवढ्यात सातशे मीटरच्या आसपास चढायचं असतं. म्हणजे सरासरी बारा मीटर पुढे गेलं की एक मीटर वर! आता याच डोंगरावर चढणारी मिनीट्रेन पाहा. आदमजी पीरभॉय घराण्याने बांधलेली ही दोन फुटी रेल्वे 1907 साली सुरू झाली. तिचा मार्ग सुमारे 21 किलोमीटरचा आहे. रस्त्याच्या दुपटीहून जास्त. असं का? लोखंडी रुळावर लोखंडी चाक फार चढ घेऊ शकत नाही, घसरतं. या रेल्वेचा सर्वांत तीव्र चढ वीस मीटरला एक मीटर आहे. तेवढ्यात बसवायचं, तर डोंगराला वळसे घालत लांबून जावंच लागतं. 'मिनीट्रेन एवढी वळसे का घेते?' हा प्रश्न मुलांपुढे टाका आणि पाच मिनिटं गप्प बसा. उत्तरं तीच काढतील.

गाडी चालवणाऱ्यांना घाटाचा एक नियम पाठ असतो : ज्या गिअरमध्ये चढायचं, त्याच गिअरमध्ये उतरायचं. उतारावर सतत ब्रेक दाबला तर घर्षणाने तो तापतो आणि शेवटी धरेनासा होतो. म्हणून गाडीला इंजिनानेच अडवायचं. दुसरा नियम, चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. ती एकदा थांबली की चढावर पुन्हा उचलणं कठीण जातं. उतरणाऱ्याने थांबायचं, कारण त्याला थांबणं सोपं आहे. हा नियम मला फार आवडतो. ज्याच्यावर भार जास्त, त्याला आधी वाट. नागरिकशास्त्राच्या तासालाही सांगावा असा आहे.

वर हवा गार का लागते, तेही विचारा. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे भिवपुरीत पस्तीस असेल, तर माथेरानला तीसच्या आसपास. या पाच अंशांसाठीच तर हे गाव वसलं! 1850 मध्ये ठाण्याचे तेव्हाचे कलेक्टर मॅलेट यांच्या नजरेत हा डोंगर भरला आणि साहेबांची उन्हाळी घरं उभी राहिली. अर्थात, डोंगरावरच्या वाड्यांतल्या लोकांना तो आधीपासून माहीत होताच. 'शोध लागला' हे वाक्य कोणाच्या बाजूने लिहिलेलं आहे, हेही मुलांना विचारता येईल.

आता दुसरा भाग. दस्तुरीला गाडी थांबते. माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे. 2003 साली केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. रुग्णवाहिकेसारखा अपवाद सोडला तर पुढे वर्षानुवर्षं पायी जावं लागायचं, नाहीतर घोड्यावर, मिनीट्रेनच्या शटलने किंवा माणसाने ओढलेल्या हातरिक्षात.

बंदीमुळे झाडं राहिली, धूर नाही, हॉर्न नाही. हे खरंच मोलाचं आहे. पण गाव म्हटलं की गॅस सिलिंडर लागतो, तांदळाचं पोतं लागतं, पाहुण्यांच्या बॅगा असतात, दुखणेकरी असतात. मोटार नाही म्हणून वजन नाहीसं होत नाही. ते कोणाच्या तरी पाठीवर जातं.

आमच्या वर्गात एका मुलीने याच विषयावर चार ओळी लिहिल्या होत्या. "माझे बाबा रोज माथेरानला जातात. ते गाडीने जात नाहीत. डोंगरातून चालत जातात. संध्याकाळी परत येतात." बाकीच्यांची दोन-दोन पानं, हिच्या चार ओळी. पण खरा प्रवास त्यातच होता. भिवपुरी रोड स्टेशनच्या वरच्या अंगाला सागाची वाडी आहे, गार्बेटचं पठार आहे. तिथली पायवाट कोणत्याही नकाशातल्या रस्त्यापेक्षा सरळ वर जाते. आपण पर्यटक तिला ट्रेक म्हणतो. वाडीतल्या माणसासाठी ती कामाची वाट असते.

हातरिक्षाचा प्रश्न तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. माथेरानमधल्याच एका निवृत्त शिक्षकाने ई-रिक्षांसाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, हे आपल्याला अभिमानाचं आहे. डिसेंबर 2022 मध्ये ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या. 6 ऑगस्ट 2025 रोजी न्यायालयाने सांगितलं की माणसाने माणसाला ओढणं ही अमानवी प्रथा आहे, ती सहा महिन्यांत बंद करा. खऱ्या हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच ई-रिक्षा भाड्याने मिळतील अशी योजना आखा, आणि पैसे नाहीत ही सबब सांगू नका, असंही राज्याला बजावलं.

हे सोपं नाही, तेही मुलांना कळू द्या. ई-रिक्षा आल्या तर घोडेवाल्यांच्या पोटाचं काय, ही भीती खोटी नाही. आज ई-रिक्षा, उद्या मोटार, मग जंगलाचं काय, ही शंकाही खोटी नाही. पाचवीतली मुलंसुद्धा या तिन्ही बाजू मांडू शकतात, आपण घाईने निकाल दिला नाही तर.

एक काळजी मात्र घ्या. ज्यांचे वडील घोडा धरतात, ओझी वाहतात, अशी मुलं तुमच्या समोरच बसलेली असतील. त्यांच्यासमोर 'बिचारे' हा शब्द नको. कीव केली की मूल गप्प होतं. त्यापेक्षा त्याला विचारा, "चढावर घोडा कुठे दमतो? पावसात कुठली वाट घसरडी होते?" उत्तर देताना ते मूल त्या दिवसापुरतं वर्गाचं शिक्षक होतं. मी हे पाहिलं आहे.

वर्गात करून पाहण्यासारखं थोडंसं :

1. आठ किलोमीटर रस्ता आणि 21 किलोमीटर रेल्वे, दोन्हींचे वळसे दोरीने जमिनीवर मांडा.
2. दप्तर पाठीवर घेऊन शाळेचा जिना दहा वेळा चढा, मग नाडीचे ठोके मोजा.
3. निबंधाला शेवटचा प्रश्न द्या : 'मी पोहोचलो, पण माझं ओझं कोणी पोहोचवलं?'

पालकहो, तुम्ही दिवाळीत किंवा मे महिन्यात वर जाल, तेव्हा दस्तुरीपासून पुढचा रस्ता मुलांना चालू द्या. शक्य असेल तर आपली बॅग आपणच उचला. आणि ओझं दिलंच कोणाला, तर मुलासमोर त्याच्याशी अहो-जाहो करून बोला, मजुरीत घासाघीस करू नका. मुलं निबंध कसा लिहितील ते आपण शिकवतो, पण काय लिहितील ते आपल्याकडे बघूनच ठरवतात.

तुमच्या वर्गातली मुलं काय लिहितात, ते जरूर कळवा.