पोटासाठी

खराडीत राहणाऱ्यांची रोड ट्रिप म्हणजे लोणावळा, फार तर महाबळेश्वर. आम्हा ख्रिस्ती लोकांची यादी जरा वेगळी असते. सप्टेंबरात हरेगावची मतमाउली, नाताळच्या सुट्टीत नगरचे नातेवाईक, आणि एखाद्या रविवारी आत्या म्हणते, "चला, केडगावला जाऊन येऊ." नगरजवळचं केडगाव नव्हे. दौंड तालुक्यातलं, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं.

या वेळी आम्ही तिघी होतो. आत्या, मी आणि माझी रूममेट. रूममेट बीडची, वारकरी घरातली. गाडी तिची, त्यामुळे गाणीही तिचीच. खराडीहून मुंढवा, हडपसर आणि मग सोलापूर रोड. लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत अशी गावं मागे पडत गेली.

केडगावचं आणि आमच्या घराचं जुनं नातं आहे. माझी खापरपणजी तिथे वाढली. दुष्काळात आली, तेव्हा सात-आठ वर्षांची होती, एवढंच घरात सांगतात. गाव कुठलं, आईबाप कोण, त्यांनी ठेवलेलं नाव काय, यातलं काहीच कुणाला माहीत नाही. आमची वंशावळ तिच्यापाशी सुरू होते आणि तिच्या मागे कोरं पान.

कॉलेजात एकाला हे सांगितलं, तर तो सहज म्हणाला होता, "म्हणजे तुम्ही पोटासाठी बाटलेले." त्याला भांडायचं नव्हतं, त्यामुळे मलाही भांडता आलं नाही. पण ते वाक्य राहून गेलं. माझी श्रद्धा एका उपाशी पोरीच्या ताटातून आली असेल, तर ती खरी म्हणायची का?

यवत सोडल्यावर मी हे रूममेटला सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बहात्तरच्या दुष्काळात माझी आजी खडी फोडायला जायची. तिथे सुकडी मिळायची आणि रेशनवर अमेरिकेची लाल मिलो. ती खाऊन आजी काही अमेरिकन झाली नाही. पण तू अन्न टाकलंस की ती अजून चिडते."

आत्या मागून हसली. "अगं, पण तुझ्या आजीला मिलोबरोबर कुणी बायबल दिलं नव्हतं."

आत्याचं हेच मला आवडतं. ती स्वतःच्या बाजूचा अवघड प्रश्न लपवत नाही.

आणि प्रश्न अवघडच आहे. रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. तिथे कुणावर धर्म लादणार नाही, असं ठरलेलं होतं. पण काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या आणि 1893 मध्ये वाद पेटला. केसरीनं टीकेची झोड उठवली, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालक मुलींना घेऊन गेले. जिच्यावर आपण जगण्यासाठी अवलंबून असतो, तिच्या देवाला आठ वर्षांची मुलगी नको म्हणू शकते का? मला नाही वाटत. हे मान्य करूनच पुढचं बोलायला हवं.

पुढचं असं, की भूक म्हणजे काय हे रमाबाईंना कुणी शिकवायला नको होतं. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणं सांगत कुटुंबाला घेऊन तीर्थक्षेत्रं पायी हिंडत. होतं ते दानधर्मात संपलं. 1874च्या सुमारास, दुष्काळात, आधी वडील गेले, मग आई, मग बहीण. रमाबाई तेव्हा जेमतेम सोळा वर्षांच्या. नंतर त्या आणि भाऊ चालत राहिले. झेलमच्या काठी थंडी सोसेना, तेव्हा दोघं वाळूत खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून झोपले. इतकी व्रतं केली, इतकी देवळं झाली आणि कुणी ऐकलं नाही. भुकेनं त्यांची श्रद्धा गेली होती. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी प्रश्न विचारणं सोडलं नाही. तिथल्या सिस्टर्सशी त्यांनी पत्रांतून कडाडून वाद घातले.

1896 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. तो रमाबाई स्वतः बघायला गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग, गर्दी करायला बंदी. म्हणून सगळ्यांना केडगावच्या शेतावर नेलं. 1900च्या दुष्काळानंतर ही संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

दया म्हणजे डोळ्यांत पाणी येणं, असं मला वाटायचं. पण दोन हजार माणसांची दया म्हणजे विहिरी, धान्याची कोठारं, उवा काढणं, शौचालयं आणि उद्या सकाळी काय शिजवायचं याचा हिशोब. मग शेती, विणकाम, छापखाना. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणलं आणि त्याची छपाई मुक्तीतल्या बायकांनीच केली. एकेकाळी पानं-मुळं खाऊन जगलेल्या काही हातांनी पुढे खिळे जुळवले असतील.

चौफुल्याला कला केंद्रांच्या पाट्या मागे टाकून आम्ही केडगावकडे वळलो. मिशनच्या आवारात मोठी झाडं आहेत, दगडी चर्च आहे. संस्था आजही चालू आहे, बायका-मुली आजही तिथे राहतात. त्यामुळे फोटो काढावेसे वाटले नाहीत. रमाबाई इथेच, 5 एप्रिल 1922 रोजी गेल्या. रूममेटनं चपला काढल्या आणि हात जोडले. चर्चमध्ये चपला काढल्या नाहीत तरी चालतं, हे तिला सांगावंसं वाटलं नाही.

बाहेर झाडाखाली आत्यानं डबा उघडला. मेथीच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी. माझ्या डोक्यात कॉलेजातलं ते वाक्य होतंच. हो, पोटासाठीच. सात वर्षांची पोर आणखी कशासाठी जगते? तिला कुणीतरी आधी जेवायला घातलं. त्या ताटाचा अर्थ लावायला तिला पुढचं सगळं आयुष्य मिळालं आणि तिच्यामागून चार पिढ्यांनाही. कुणी चर्चला जातं, माझा एक काका जात नाही. अर्थ ज्यानं त्यानं लावला.

जेवणाआधी आत्यानं डोळे मिटले. अन्नासाठी नेहमीचे आभार मानून झाले, मग ती थांबली आणि म्हणाली, "आणि प्रभू, त्या पोरीचा हात जिनं सोडला असेल, त्या बाईलाही शांती दे. तिचं नाव आम्हाला ठाऊक नाही. तुला आहे."

आमेन म्हणायला मला क्षणभर उशीर झाला. रूममेट आधी म्हणाली.