जमेचं पान



वीर निर्वाण संवत 2552 लागलं. फराळाचे डबे तळाला गेले, पणत्या धुऊन माळ्यावर चढल्या, आणि आज दुपारी जरा टेकायला वेळ मिळाला म्हणून लिहायला बसले.

आमच्याकडे रावेरला दिवाळीच्या दिवशी दुकानाच्या नव्या वहीचं पूजन होतं. तुमच्याकडेही होतच असेल. पहिल्या पानावर एक श्री, खाली दोन, त्याखाली तीन असं श्रीचं शिखर काढायचं आणि मग मागणं लिहायचं. गौतमस्वामींची लब्धी, धन्ना-शालिभद्रांची ऋद्धी, कयवन्ना शेठांचं सौभाग्य, अभयकुमारांची बुद्धी, बाहुबलींचं बळ. माझं अक्षर बरं आहे म्हणून हे काम गेली काही वर्षं माझ्याकडेच असतं. यंदा शेजारी बसलेली लेक म्हणाली, "मम्मी, हे सगळं मागायचंच आहे. जे मिळालं ते कुठे लिहायचं?"

"मिळालेलं जुन्या वहीत असतं," मी म्हटलं. हे हसले आणि विषय तिथेच संपला.

पण माझ्यापुरता संपला नाही. रात्री निर्वाणाचा जाप झाल्यावर झोप येईना. मी माझी घरखर्चाची वही काढली. त्या वहीत वर्षभर फक्त खर्चच असतो: दूध, गॅस, शिकवणीची फी, दळण. मागचं एक कोरं पान उघडलं, वर 'जमा' लिहिलं आणि वर्षभरात कुणाकडून काय मिळालं ते आठवू लागले. चातुर्मासात माझ्यासाठी न सांगता गिलकी आणि भेंडी बाजूला काढून ठेवणारी भाजीवाली मावशी. लेकीचं गणित सुधारलं ते तिच्या बाईंमुळे. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. हात भराभर चालत होता. मग लिहिलं, "पर्युषणात अठ्ठाई निर्विघ्न झाली." आणि पेन थांबलं. कुणामुळे निर्विघ्न झाली?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमचं आणि मोठ्या जाऊबाईंचं घर एकाच वाड्यात आहे, मधे भिंत आहे. नऊ वर्षांपूर्वी वाटणी झाली तेव्हा ती घातली. दुकान आमच्याकडे आलं, केळीची बाग त्यांच्याकडे गेली. आणि सासूबाईंच्या पाटल्याही त्यांच्याकडे गेल्या. बाकी सगळं मी पचवलं, पाटल्या पचल्या नाहीत. तेव्हापासून सणावाराला पाया पडणं आणि संवत्सरीला 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणणं, एवढंच आमचं बोलणं.

यंदा जूनच्या वादळात त्यांची ऐन कापणीला आलेली बाग आडवी झाली. ज्यांच्या घरी केळी आहे त्यांना सांगायला नको. वर्षभर जपलेला घड असा चिखलात पडलेला पाहणं म्हणजे काय असतं! हे बघायला जाऊन आले. मी गेले नाही. घरातून एक माणूस गेलं, तेवढं पुरे, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

आणि ऑगस्टमध्ये माझी अठ्ठाई आली. पहिले पाच दिवस बरे गेले. सहाव्या रात्री पित्त उसळलं, उलट्या सुरू झाल्या. सूर्यास्तानंतर पाणीही नाही. हे घाबरले, लेक रडायला लागली. तेवढ्यात दार वाजलं. भिंतीपलीकडून माझ्या ओकाऱ्या ऐकून भाभीजी आल्या होत्या. काही विचारलं नाही. पायाशी बसल्या आणि पहाटेपर्यंत तळवे चोळत नवकार म्हणत राहिल्या. सकाळी पच्चक्खाण घ्यायच्या आधी त्यांनीच पाणी उकळून परातीत गार करून ठेवलं होतं. सातव्या रात्रीही त्या होत्या. आठवा उपास झाला तो त्यांच्या जोरावर.

पारण्याच्या दिवशी स्थानकात बहुमान झाला. शाल, श्रीफळ, सगळ्या बायकांची अनुमोदना. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी महासतीजींचे उपकार मानले, संघाचे मानले, माहेरचे, यांचे, लेकीचे मानले. भाभीजी तिसऱ्या ओळीत बसल्या होत्या. त्यांचं नाव मी घेतलं नाही. विसरले असं तेव्हा स्वतःला सांगितलं. दिवाळीच्या रात्री वही पुढ्यात घेऊन बसले तेव्हा कळलं की विसरले नव्हते.

आपण लहानपणापासून पाठ करतो की तपाचे बारा भेद, सहा बाह्य आणि सहा आभ्यंतर. अनशन बाह्य तपात पहिलं येतं. वैयावच्च, म्हणजे सेवा, आभ्यंतर तपात तिसरी. म्हणजे त्या आठवड्यात एकाच खोलीत दोन तपं चालली होती. एकाला शाल मिळाली. दुसऱ्याची साधी अनुमोदनाही झाली नाही, आणि ती करायला पाहिजे होती ती मीच. करणं, करवणं आणि अनुमोदणं, तिन्हींचं फळ सारखं, हे मी इतरांना किती वेळा ऐकवलंय!

त्याच रात्रीची गौतमस्वामींची गोष्ट आठवली. भगवंतांनी त्यांना देवशर्मा ब्राह्मणाला बोध द्यायला पाठवलं आणि इकडे पावापुरीला निर्वाण झालं. कळल्यावर त्यांच्या तोंडून आधी तक्रारच निघाली, शेवटच्या क्षणी मला का दूर केलंत? केवलज्ञान नंतर, पहाटे झालं. एवढ्या थोर गणधरांनाही आधी तक्रार सुचली, हे वाचून मला नेहमी थोडा धीर येतो.

पाडव्याला सकाळी गौतमरास ऐकून परतताना मी आमच्या दाराशी न थांबता पुढे गेले. भाभीजी चहा करत होत्या. पाया पडले आणि म्हटलं, "पर्युषणातल्या त्या दोन रात्री तुम्ही होता म्हणून माझं तप झालं. स्थानकात तुमचं नाव घ्यायला हवं होतं. मी मुद्दाम घेतलं नाही."

त्यांनी गॅस बारीक केला. थोड्या वेळाने म्हणाल्या, "कळलं होतं गं मला. वाईट वाटलं होतं. पुढच्या पक्खीला खमावून टाकलं."

मग आम्ही चहा घेतला. मी बागेचं विचारलं, पाच महिन्यांनी. पिलबाग धरली आहे, म्हणाल्या, बघू काय हाती लागतं ते. कप पुढे करताना त्यांच्या हातातल्या पाटल्या वाजल्या. माझी नजर गेलीच, खोटं कशाला सांगू. पण तो विषय मी काढला नाही, आणि घरी आल्यावर यांच्याजवळही काढला नाही. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.

निघताना दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "टाचांना रात्री तेल लावत जा. केवढ्या भेगा पडल्यात, तेव्हाच सांगणार होते."

लिहिण्यात जिनाज्ञेविरुद्ध काही आलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.