मुंबई... प्रेस स्टार्ट!

तुम्ही कधी शिकागोच्या रस्त्यावरून उलट्या दिशेने बस पळवली आहे? मी पळवलीय. वय वर्षं अकरा, लालबागमधला एक सायबर कॅफे, तासाला वीस रुपये. गेमचं नाव मिडटाऊन मॅडनेस. १९९९ मध्ये आलेल्या या गेममध्ये अख्खं शहर मोकळं होतं. रेस लावा, नाहीतर नुसतं भटका. उघडणाऱ्या पुलावरून गाडी उडवा, फुटपाथवर चढवा. माणसं बरोब्बर बाजूला उडी मारायची, कुणाला खरचटायचंसुद्धा नाही! त्याच वर्षी आलेल्या सेगाच्या क्रेझी टॅक्सीमध्ये घड्याळाशी झुंजत पॅसेंजर पोचवायचे. तो खेळताना मला जाम हसू यायचं. कारण आमच्या घरात एक खरी टॅक्सी होती, आणि तिचा ड्रायव्हर रात्री घरी आला की पाठीला बाम चोळून झोपायचा.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे माझा एक मित्र. तो गेम्स बनवतो. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला, ‘मुंबईवर ओपन-सिटी ड्रायव्हिंग गेम करायचाय. एकदम अर्केड. सोमवारपर्यंत आयडिया दे. आणि हो, पद्मिनी मस्ट. रेट्रो स्किन म्हणून भारी दिसेल.’

स्किन? बाबांनी ती पद्मिनी वीस वर्षं चालवली होती. वयाची मर्यादा संपल्यावर २०१८ मध्ये ती भंगारात गेली, तेव्हापासून बाबांनी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. शहरातल्या उरल्यासुरल्या पद्मिनी टॅक्स्यांची मुदतही ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली.

शनिवारी रात्री नऊ वाजता मी माझी सेकंडहँड हॅचबॅक काढली आणि बाबांना म्हटलं, ‘चला, फिरवून आणते.’ आयुष्यात पहिल्यांदाच ते माझ्या शेजारी पॅसेंजर म्हणून बसले. बसल्या बसल्या पाय मात्र नसलेला ब्रेक दाबत होता!

लेव्हल १ : लालबाग ते सीएसएमटी

भायखळ्यावरून जेजे फ्लायओव्हरवर चढलो. इथे टू-व्हीलरला बंदी. पुढे कोस्टल रोड आणि सी लिंकवर टू-व्हीलर नाही, रिक्षाही नाही. रिक्षा तर माहीम-सायनच्या अलीकडे दक्षिण मुंबईत येतच नाही. म्हणजे बघा, गेम डिझायनरला मॅपवर वेगळी कुलपं लावायची गरजच नाही, शहराने ती आधीच लावून ठेवलीत. रिक्षाने उपनगरात सुरुवात करा, टॅक्सी मिळवा, मग दक्षिण मुंबई अनलॉक!

बाबांना हे लगेच पटलं. म्हणाले, ‘आणि मीटर जुना ठेव. आकडा वाचायचा, मग टॅरिफ कार्डावर बघून भाडं सांगायचं. निम्मी भांडणं तिथंच व्हायची.’ स्कोअरबोर्डची याहून भन्नाट आयडिया मला तरी सुचली नसती.

लेव्हल २ : मरीन ड्राइव्ह

कट्ट्यावर वीकेंडची गर्दी, समोर काळा समुद्र. गाडी जरा बाजूला घेतली. मित्राला इथे फक्त पॉश लाइट्स दाखवायच्यात. मला वाटतं, खरा व्हिलन हा समुद्रच आहे. पावसाळ्यात भरती साडेचार मीटरच्या वर गेली आणि त्याच वेळी धो धो पाऊस आला की शहरातलं पाणी समुद्रात जाऊ शकत नाही. मग हिंदमाता तुंबतं, मिलन सबवे बंद होतो, पाच मिनिटांपूर्वीचा शॉर्टकट सापळा बनतो. गेममध्ये कोपऱ्यात एक भरतीचं घड्याळ ठेवा. मॅप तोच, पण दर सहा तासांनी वेगळा.

लेव्हल ३ : बोगदा आणि सी लिंक

चौपाटीजवळून कोस्टल रोडच्या बोगद्यात शिरलो. मलबार हिलच्या पोटातून दोन किलोमीटरहून लांब जाणारा हा बोगदा ज्या मशीनने खोदला, तिचं नाव होतं मावळा. बाबा इथे पहिल्यांदाच आले होते. ‘गिरगावातून वरळीला जायला माझा अर्धा जन्म गेला,’ एवढंच म्हणाले आणि गप्प झाले. माझा पाय एक्सीलरेटरवर जड होत होता. ‘हळू घे बाय, इथे साठची लिमिट आहे.’ बोर्ड त्यांनी माझ्याआधी वाचला होता.

सी लिंक ओलांडून वांद्र्यात आल्यावर मी यू-टर्नचा विचार करत होते, तर ते म्हणाले, ‘कलिन्याला घे.’

लास्ट लेव्हल : कलिना

एका साध्याशा वळणावर त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. २६ जुलै २००५. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मी आठ वर्षांची होते. मला एवढंच आठवतं की बाबा रात्रभर आले नाहीत आणि आई दारात बसून होती.

‘दादरहून दोन पोरी बसल्या होत्या, ऑफिसातून सुटलेल्या,’ बाबा सांगू लागले. ‘इथं गाडी बंद पडली. बघता बघता पाणी सीटला लागलं. गाडी इथंच सोडली. दोघींचा हात धरून चालत निघालो, कमरेएवढ्या पाण्यातून. एकीच्या घरी पोचायला रात्रीचे दोन वाजले.’

‘मग भाडं?’ माझा बावळट प्रश्न.

‘मीटर पाण्यात होता ना!’ ते हसले. ‘तुझ्या मित्राला सांग, गाडी पोचली नाही तरी चालेल, पॅसेंजर पोचला पाहिजे. त्याचे पॉइंट दे म्हणावं.’

वीस वर्षांत ही गोष्ट त्यांनी घरात कधी सांगितली नव्हती.

सोमवारी मी मेल टाकला. रिक्षाची हद्द, भरतीचं घड्याळ, टॅरिफ कार्ड आणि शेवटी मोठ्या अक्षरात एक मिशन : गाडी बुडते, पॅसेंजरला पायी पोचवा. मित्राचा रिप्लाय आला, ‘ड्रायव्हिंग गेममध्ये गाडीतून उतरायचं? अर्केडची वाट लागेल यार!’ दोन तासांनी दुसरा आला, ‘काकांना भेटता येईल का?’

येत्या रविवारी तो घरी येतोय. बाबांनी माळ्यावरून जुनं टॅरिफ कार्ड शोधून ठेवलंय. आणि काल रात्री, जेवण झाल्यावर, सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, ‘तुझ्या गाडीची चावी कुठे असते गं?’