परीखान्यातली आदरांजली

मुंबईहून निघालेली पुष्पक एक्स्प्रेस सुमारे चोवीस तासांनी लखनौला पोहोचते. उतरल्यावर मराठी प्रवाशाची यादी बहुधा ठरलेली असते. बडा इमामबाडा, त्यातली भूलभुलैया, रूमी दरवाजा, मग अमीनाबादची कुल्फी आणि चौकातले चिकनचे कुर्ते. घरी परतताना पिशवीत चार कुर्ते असतात आणि कॅमेऱ्यात दहा छायाचित्रे. पण या शहरात एक वास्तू अशी आहे, की तिच्या दारात मराठी माणसाने क्षणभर थांबायलाच हवे. ती वास्तू म्हणजे कैसरबागेतला परीखाना. इमारत नवाबी आहे, पण तिच्यावरचे नाव अस्सल मुंबईकर, वाळकेश्वरच्या माणसाचे आहे. ते नाव म्हणजे भातखंडे.

कैसरबाग वसवली अवधचे अखेरचे नवाब वाजिद अली शाह यांनी, १८४८ ते १८५० या काळात. गाण्या-नाचाचे वेड असलेल्या या नवाबाने परीखान्यात तरुणींना संगीत आणि नृत्य शिकवण्याची सोय केली होती. त्या तरुणींना तो ‘परी’ म्हणत असे, म्हणून हा परीखाना. १८५६ साली इंग्रजांनी अवध खालसा केले. नवाब कलकत्त्याजवळच्या मटियाबुर्जला गेला आणि परीखान्यातली घुंगरे थांबली. सत्तर वर्षे उलटल्यावर कैसरबागेत पुन्हा सूर घुमू लागले, त्याला कारणीभूत ठरला मुंबईचा एक वकील.

वकिली सोडलेला माणूस

विष्णू नारायण भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळाष्टमीच्या दिवशी झाला. एल्फिन्स्टन कॉलेजात शिक्षण, मग कायद्याची पदवी, काही काळ कराचीत वकिली, असा चारचौघांसारखा संसार चालला होता. पुढे पत्नी गेली, पाठोपाठ मुलगीही गेली. एखादा माणूस अशा वेळी देवाधर्माकडे वळला असता. भातखंडे रेल्वेच्या डब्यात बसले. १९०४ साली ते दक्षिणेत फिरले, नंतर नागपूर, हैदराबाद, कलकत्ता आणि मग जयपूर, बिकानेर, अलाहाबाद, बनारस, आग्रा, मथुरा, लखनौ. प्रत्येक गावी एकच काम. तिथल्या गवयांना भेटायचे, जुनी पोथी असेल तर वाचायची, बंदिश मिळाली तर उतरवून घ्यायची.

हे काम वाटते तितके सोपे नव्हते. त्या काळी बंदिश हे घराण्याचे धन होते. खाँसाहेब ती मुलाला द्यायचे, फार तर जावयाला. वहीपेन्सिल घेऊन आलेल्या वकिलाला ती कोण देणार? पण जयपूरच्या मोहम्मद अली खाँच्या घराण्याने दिली, रामपूरच्या वझीर खाँपुढे ते शागीर्द म्हणून बसले. जे मिळाले ते त्यांनी स्वतःजवळ ठेवले नाही. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे चार भाग त्यांनी मराठीत लिहिले, तेही गुरु-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात. ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत शेकडो बंदिशी स्वरलिपीसह छापून टाकल्या. आज शाळेतले पोर ‘राग यमन, थाट कल्याण’ असे घडाघडा म्हणते, त्यामागे भातखंड्यांनी केलेली दहा थाटांची मांडणी आहे.

सफेद बारादरीतला मेळा

परीखान्यापासून थोड्याच अंतरावर सफेद बारादरी आहे. नावाप्रमाणे पांढरीशुभ्र. वाजिद अली शाहने ती इमामबाडा म्हणून बांधली, पुढे ती अवधच्या तालुकदारांच्या ताब्यात गेली. अलीकडे तिथे लग्नाचे मांडव पडतात, प्रदर्शने भरतात. बारादरीत उभे राहिले, की आजूबाजूच्या गर्दीतही कैसरबागेचा जुना डौल लक्षात येतो.

भातखंड्यांनी १९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली. त्यानंतर दिल्ली, मग बनारस, आणि १९२४ व १९२५ साली लखनौ. देशातले नामांकित गवय्ये, बीनकार, सतारिये, तबलजी एका छताखाली आले. एरवी एकमेकांचे गाणे चोरून ऐकणारी ही मंडळी समोरासमोर बसली. दिवसा रागांच्या स्वरूपावर वाद आणि रात्री मैफल, असा तो बेत असे. एकाच्या दरबारीतला गंधार दुसऱ्याला पटत नसे आणि तिसरा दोघांनाही चूक ठरवत असे.

या मेळ्यातून एक संस्था उभी राहिली. दर्याबादचे तालुकदार राय उमानाथ बली आणि संयुक्त प्रांताचे तेव्हाचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली यांनी भातखंड्यांच्या स्वप्नाला जागा आणि पाठबळ दिले. १९२६ च्या जुलैत वर्ग सुरू झाले, सप्टेंबरात गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांच्या हस्ते रीतसर उद्घाटन झाले आणि संस्थेला त्यांचेच नाव मिळाले, मॅरिस कॉलेज. अभ्यासक्रम भातखंड्यांचा. तबला शिकवायला लखनौ घराण्याचे खलिफा आबिद हुसेन खाँ, सरोदसाठी सखावत हुसेन खाँ. नवाबी शहराचे उस्ताद आणि मुंबईकर पंडित एकाच हजेरीपटावर आले.

अण्णासाहेबांचे घर

पण कॉलेज चालवायचे कोणी? भातखंड्यांनी आपला लाडका शिष्य पुढे केला. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर, शिष्यांचे अण्णासाहेब. मुंबईत जन्म, बडोद्याला फैयाज खाँसाहेबांकडे तालीम. गळा असा, की मैफली करून नाव आणि पैसा दोन्ही कमावता आले असते. १९२८ साली ते लखनौच्या कॉलेजचे प्राचार्य झाले आणि १९५६ पर्यंत त्या खुर्चीवर राहिले. अठ्ठावीस वर्षे! कॉलेजपाशी पैशांची चणचण कायमची, आणि मैफलीतला गवई वर्गात खडू घेऊन उभा. त्या त्यागाची बेरीज कुठल्याच हिशेबाच्या वहीत लिहिलेली नाही.

त्यांच्या घरी आणखी एक शाळा भरत असे. १९३६ साली बेळगाव जिल्ह्यातल्या बैलहोंगलचा कृष्ण गिंडे हा अकरा वर्षांचा मुलगा लखनौला आला आणि गुरूच्याच घरी राहिला. घर सोडून हजारभर मैलांवर आलेल्या त्या पोराला ना तिथली भाषा ठाऊक, ना तिथली थंडी. पण घरात सकाळ-संध्याकाळ गाणे होते. एस. सी. आर. भट, चिदानंद नगरकर, दिनकर कायकिणी हे तिथलेच गुरुबंधू. वाईचे विष्णू गोविंद जोग व्हायोलिन घेऊन तिथे शिकले आणि पुढे तिथेच शिकवू लागले. बालाघाटला जन्मलेल्या सुमती मुटाटकरांनीही याच कॉलेजात रातंजनकरांकडे विद्या घेतली.

गिंडे आले त्याच वर्षी, १९ सप्टेंबर १९३६ रोजी, भातखंडे मुंबईत वारले. १९३३ पासून ते पक्षाघाताने अंथरुणाला खिळले होते. गोकुळाष्टमीला जन्मलेला माणूस गणेशचतुर्थीला गेला. घरोघरी गणपती येत होते, आणि विद्येच्या त्या देवाचा एक जन्मभराचा सेवक निघून गेला होता.

गवई नसलेल्याला मैफलीची आदरांजली

मोठा गायक गेला, की त्याच्या स्मृतीत मैफल करण्याची आपली रीत आहे. नामवंत कलाकार एका मंचावर येतात, प्रत्येक जण अर्धा-पाऊण तास गातो आणि गेलेल्याची एखादी आवडती चीज सादर करतो. बेगम अख्तर यांच्या बाबतीत हे सोपे होते. १९७४ च्या ३० ऑक्टोबरला अहमदाबादेत त्यांचे निधन झाले आणि लखनौच्या ठाकूरगंजमधल्या पसंदबागेत आईशेजारी त्यांना दफन केले. ती कबर बराच काळ दुर्लक्षित होती. २०१२ साली तिची नीट दुरुस्ती झाली, त्यासाठी शिष्या शांती हिरानंद यांनीही धडपड केली. आपल्या या ‘अम्मी’च्या आठवणींचे त्यांनी पुस्तकही लिहिले. ज्यांचा आवाज तबकड्यांवर आहे, त्यांची आठवण काढायला एक तबकडी लावली तरी पुरते.

भातखंड्यांचे तसे नाही. ते मैफलीचे गवई नव्हते. त्यांची गाजलेली रात्र नाही, टाळ्यांच्या आठवणी नाहीत. उलट नाराज झालेल्यांची यादी लांब. गाणे पुस्तकातून शिकता येते का, कागदावरच्या खुणांत मींड आणि श्रुती कशी मावणार, असे प्रश्न त्यांच्या हयातीत विचारले गेले आणि आजही विचारले जातात. त्या टीकेत तथ्य नाही असे नाही. स्वरलिपी हा नकाशा आहे, आणि नकाशा पाहून कोणी काशीयात्रा केल्याचे पुण्य मिळवत नाही. रातंजनकरांच्या वाट्यालाही हा रोष आला. १९५० च्या दशकात आकाशवाणीने कलावंतांच्या चाचण्या घेण्याचे ठरवले, त्या निवड मंडळाचे काम त्यांच्याकडे होते. उभी हयात गाण्यात घालवलेल्यांची परीक्षा घेणारे हे कोण, असे म्हणत अनेक कलावंत उघड विरोधात उभे राहिले.

मग अशा माणसाला आदरांजली वाहायची कशी? लखनौने त्याचे उत्तर हळूहळू दिले. १९६६ साली उत्तर प्रदेश सरकारने संस्था ताब्यात घेतली आणि गव्हर्नरसाहेबांचे नाव जाऊन भातखंड्यांचे आले. २००० साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, २०२२ पासून ते भातखंडे संस्कृती विद्यापीठ आहे. १९२६ पासून मोजले तर २०२६ हे शंभरावे वर्ष.

पण खरी आदरांजली पाटीवर नाही, तिथून बाहेर पडलेल्यांच्या यादीत आहे. तलत महमूद यांनी एस. सी. आर. भटांकडे याच कॉलेजात शास्त्रीय गाण्याचे धडे घेतले. ‘बरसात की रात’ आणि ‘ताजमहल’चे संगीतकार रोशन हे रातंजनकरांचे विद्यार्थी. श्रीलंकेचे अमरदेव इथे जोगांकडे व्हायोलिन शिकले आणि पुढे त्यांनी मालदीवच्या राष्ट्रगीताला चाल दिली. वाईच्या व्हायोलिनवादकाची विद्या समुद्रापार एका देशाच्या ध्वजवंदनापर्यंत पोहोचली, ती लखनौमार्गे! स्वतः जोगांनी व्हायोलिनला हिंदुस्थानी मैफलीत मानाची जागा मिळवून दिली. बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या शहनाईबरोबरची त्यांची जुगलबंदी रसिक अजून विसरलेले नाहीत.

नावात दडलेली आठवण

जुन्या रचनाकारांची एक प्रथा आहे. बंदिशीच्या शेवटी आपले टोपणनाव गुंफायचे, त्याला मुद्रा म्हणतात. भातखंडे लिहीत ‘चतुर’ या नावाने. रातंजनकरांनी मुद्रा घेतली ‘सुजन’. लखनौला अकराव्या वर्षी आलेले गिंडे १९५१ साली मुंबईला परतले, पुढे वल्लभ संगीतालयाचे प्राचार्य झाले आणि ज्ञानाचे चालते-बोलते भांडार म्हणून ओळखले जाऊ लागले. कोणत्याही अप्रसिद्ध रागाबद्दल विचारा, गिंडेबुवा बंदिशीसह उत्तर देत. भटांबरोबरचे त्यांचे जोडीने गाणे ऐकायला जाणकार आवर्जून येत. दोन आवाज, पण तालीम एकाच घरातली. स्वतःच्या रचनांसाठी त्यांनी निवडलेले नाव होते ‘सुजनसुत’, म्हणजे सुजनाचा पुत्र.

रातंजनकर १४ फेब्रुवारी १९७४ रोजी गेले, गिंडे १९९४ साली, कायकिणी २०१० साली. पण शिष्य ‘सुजनसुत’ मुद्रेची चीज गायला बसतो, तेव्हा मुद्दाम स्मृतिदिन साजरा करावा लागत नाही. गुरूचे नाव समेवर आपोआप येते. ही आदरांजलीची मैफल कुठल्या एका रात्रीची नाही. ती कुठे ना कुठे रोज चालू असते.

लखनौला जाणार असाल तर हजरतगंजच्या मेट्रो स्थानकावरून कैसरबाग जवळच आहे. सकाळची वेळ निवडा. आधी सफेद बारादरी पाहा, मग परीखान्याकडे वळा. वर्ग चालू असतील तर एका खोलीतून तबल्याचा कायदा, दुसरीतून कथकचे तत्कार आणि तिसरीतून एखाद्या नवख्या गळ्यातला, थोडा डगमगणारा भूप ऐकू येईल. तो गळा अवधच्या कुठल्या गावचा असेल कोण जाणे. त्याच्या घरात गाणे असेलच असेही नाही, खाँसाहेब त्याचे आजोबा नसतील. तरी त्याला कोणी दारातून परत पाठवलेले नाही. बाकावरच्या वहीत स्वरांखालच्या बिंदूंसह लिहिलेली ती चीज, शंभर वर्षांपूर्वी वाळकेश्वरच्या एका वकिलाने कुणाच्या तरी पाया पडून मिळवलेली असू शकते.

चिकनचे कुर्ते त्यानंतर घेतले तरी चालतील. दुकाने रात्रीपर्यंत उघडी असतात.