बागमंडळाचे वर्ष

हौशी बागकाम करणाऱ्यांचे मंडळ शेजारधर्मातून वाढते. कोणाच्या गच्चीवर कुंड्यांची रांग असते, कोणाच्या घरामागे चार वाफे, कोणाकडे केवळ बाल्कनीचा कठडा. ही माणसे महिन्यातून एकदा जमतात, एकमेकांच्या बागा पाहतात, रोपे आणि बियाणे देतात-घेतात, एखादे काम प्रत्यक्ष हाताने करून शिकतात आणि वर्षातून एकदा आपली फुले परीक्षकांपुढे मांडतात. मंडळाचे सारे कार्य या चार गोष्टींत येते. त्यांचा क्रम ऋतू ठरवतात. म्हणून मंडळाचे वर्ष पहिल्या पावसाबरोबर सुरू होते आणि उन्हाळ्याच्या शेवटी संपते.

नाशिक या कामाला अनुकूल शहर आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंची, गोदावरीचा काठ, कोरडी थंडी आणि रात्री उतरणारा गारवा यांमुळे गुलाब, शेवंती आणि हंगामी फुले येथे चांगली येतात. मुघल काळात शहराला गुलशनाबाद म्हणत. आज दिंडोरी तालुक्यातील जानोरी, मोहाडी परिसरात हरितगृहांमध्ये गुलाबाची व्यापारी शेती होते. मात्र या शहराभोवतीचे हवामान थोड्या अंतरावर बदलते. नाशिक शहरात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो, तर सुमारे 45 किलोमीटरवरच्या इगतपुरीत तो 3000 मिलिमीटरच्या पुढे जातो. पूर्वेकडे निफाडच्या गहू संशोधन केंद्रात हिवाळ्यात नोंदलेले तापमान अनेकदा राज्यातल्या नीचांकी तापमानांत असते. त्र्यंबक रस्त्यावरच्या बागेला लागू पडलेला सल्ला आडगावकडच्या बागेला जसाच्या तसा चालेल, असे म्हणूनच सांगता येत नाही. मंडळाची गरज इथूनच सुरू होते. बागकामाची बहुतेक पुस्तके दुसऱ्या मातीवर आणि दुसऱ्या हवेत लिहिलेली असतात. आपल्या गल्लीतल्या मातीचे ज्ञान गल्लीतल्या माणसांनाच जमवावे लागते.

अशा संघटनांची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. लंडनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी 1804 साली सुरू झाली. त्यानंतर अवघ्या 26 वर्षांनी, 1830 मध्ये, ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था स्थापन झाली. पुण्याचे एम्प्रेस गार्डन तीच सांभाळते आणि प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास तेथे भरणारे पुष्पप्रदर्शन पुणेकरांच्या अंगवळणी पडले आहे. शहरांतील प्रदर्शनांना पुढे कायद्याचाही आधार मिळाला. 1975 च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाने महापालिका आणि नगरपालिकांमध्ये वृक्ष प्राधिकरणे आणली. फुले, फळे, भाजीपाला आणि झाडे यांची प्रदर्शने भरवणे हेही त्यांच्या कामांत धरले. नाशिक महापालिकेचा पुष्पोत्सव याच जातीचा. शरणपूर रस्त्यावरील राजीव गांधी भवन या मुख्यालयात तो बहुधा फेब्रुवारीत भरतो, आणि शहरातल्या हौशी बागकरांचे सारे वर्ष त्या दोन-तीन दिवसांच्या मागे-पुढे आखले जाते.

जूनमधले पहिले काम मातीचे. नाशिकची माती दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनलेली, काळी, चिकण आणि चुनखडीयुक्त आहे. ती ओल धरून ठेवते. शेतात हा गुण असतो, कुंडीत तोच दोष ठरतो. पावसात अशा कुंडीतली हवा निघून जाते आणि मुळे कुजतात. म्हणून मंडळाच्या पहिल्या बैठकीत कुंडी भरण्याचे प्रात्यक्षिक होते. तळाच्या भोकावर खापराचा तुकडा, त्यावर विटांचे तुकडे, मग माती, कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि पालापाचोळ्याचे खत यांचे समान भागांचे मिश्रण, त्यात मूठभर निंबोळी पेंड. वरचे दोन बोटे अंतर पाण्यासाठी मोकळे. गच्चीवर बाग करणाऱ्यांना वजनाचाही हिशेब शिकवला जातो. एक घनफूट ओल्या मातीचे वजन 45 किलोच्या आसपास भरते. म्हणून मोठ्या कुंड्या तुळईवर किंवा भिंतीलगत ठेवतात आणि मिश्रणात पालापाचोळ्याचा वाटा वाढवतात.

चुनखडीचा त्रास गुलाब, जास्वंद आणि अनंत या झाडांत लवकर दिसतो. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. नवखा माणूस खत कमी पडले असे समजून खताचा मारा करतो. खरे पाहता मातीत लोह असते, पण चुन्यामुळे ते झाडाला उचलता येत नाही. लिटरभर पाण्यात 2 ते 3 ग्रॅम हिराकस आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड मिसळून सायंकाळी पानांवर फवारले, तर पुढची पालवी हिरवी येते. मातीत सेंद्रिय खत वाढवणे हा टिकाऊ उपाय. हे निदान एकदा कोणाच्या तरी झाडासमोर उभे राहून पाहिले की ते विसरले जात नाही. बागभेटींचा मोठा उपयोग हाच आहे.

आषाढ-श्रावण हा देवघेवीचा काळ. हवेत ओल असते, छाट कलमे तगतात. मोगरा, जास्वंद, अनंत यांच्या फांद्या, सोनटक्क्याचे आणि हळदीचे गड्डे, गवती चहाचे ठोंब, गोकर्णाच्या बिया, ब्रह्मकमळाची पाने अशी सामग्री वर्तमानपत्राच्या ओल्या पुडक्यात बांधून बैठकीला येते. प्रत्येक पुडक्यावर नाव, तारीख आणि देणाऱ्याच्या बागेतला अनुभव लिहिण्याची शिस्त चांगल्या मंडळात पाळली जाते. ही देवघेव फुकटात रोप मिळवून देते, त्याहून मोलाचे काम विम्याचे करते. एखाद्याकडचे दुर्मीळ झाड उन्हात मेले, तर त्याचेच पिल्लू दुसऱ्याच्या अंगणात जिवंत असते आणि परत घेता येते. व्यापारी रोपवाटिकेत ज्यांना गिऱ्हाईक उरलेले नाही, असे जुने गावठी गुलाब आणि घरगुती शेवंतीचे प्रकार याच वाटेने टिकले आहेत.

श्रावणात पत्रीची ओळख हाही एक रंगणारा उपक्रम असतो. मंगळागौर आणि गणेशचतुर्थीच्या पूजेत लागणारा आघाडा, माका, शमी, मरवा, डोरली ही झाडे बाजारातल्या जुडीत एकमेकांत मिसळलेली असतात. त्यांची पाने हाताळून, वास घेऊन ओळखणे आणि त्यांतली काही कुंडीत लावणे यामुळे गावाबाहेरच्या माळरानावरची ओरबाड कमी होते. याच दिवसांत शेवंतीचे शेंडे खुडायचे असतात. शेवंतीला कळी धरण्यासाठी लांब रात्र लागते. ऑगस्टअखेरपर्यंत शेंडे खुडत राहिले तर झाड बुटके आणि फांदाळ होते, आणि दिवस लहान होऊ लागले की एकदम कळ्यांनी भरते. खुडणे लांबवले तर कळ्याच हातात येतात.

पाऊस ओसरला की गुलाबाची छाटणी. मंडळाच्या वर्षातले हे सर्वांत महत्त्वाचे प्रात्यक्षिक. थंड देशांत गुलाब हिवाळाभर झोपतो आणि छाटणी हिवाळ्याच्या अखेरीस होते. नाशिकचा गुलाब झोपत नाही, म्हणून येथे छाटणी दसऱ्यानंतर, ऑक्टोबरच्या उत्तरार्धात करतात. त्याच सुमारास जिल्ह्यातल्या द्राक्षबागांत गोडी बहार छाटणी चाललेली असते. शहरातल्या बागकराला द्राक्षबागायतदाराकडून बरेच शिकता येते: धारदार सिकेटर, प्रत्येक छाटणीनंतर बोर्डोची काळजी, भुरी दिसण्याआधीच तिची तयारी. हायब्रीड टी प्रकाराचे झाड साधारण एक ते दीड फुटावर आणतात. वाळलेल्या, रोगट आणि एकमेकींत घुसलेल्या फांद्या मुळापासून काढतात. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर, तिरका असावा, म्हणजे नवा फुटवा बाहेर वाढतो आणि झाडाचा मध्य मोकळा राहतो. उघड्या जखमेवर बोर्डो पेस्ट लावतात. 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना आणि 10 लिटर पाणी हे तिचे प्रमाण, घरगुती वापरासाठी तेच ग्रॅममध्ये घेतात. हे टाळले तर फांदी शेंड्याकडून खाली काळी पडत जाते.

छाटणीचे नियम अर्ध्या तासात सांगून होतात. कोणता डोळा राखायचा हे मात्र झाड पाहूनच कळते. अनुभवी हात फांदी कापण्याआधी झाडाभोवती एक फेरी मारतो. शिकणाऱ्याने ती फेरी पाहिली पाहिजे. म्हणूनच प्रात्यक्षिकात एक झाड जाणत्याने आणि पुढची झाडे नवख्यांनी छाटावीत, जाणत्याने फक्त पाहावे आणि विचारावे की हीच फांदी का कापली. कारण सांगता येऊ लागले की छाटणी आली.

डिसेंबर ते फेब्रुवारी डोळा भरण्याचा हंगाम. पेन्सिलीएवढ्या जाड खुंटावर टी आकाराची चीर देऊन साल सैल करतात, नुकतेच फूल येऊन गेलेल्या फांदीवरचा फुगीर डोळा ढालीच्या आकारात काढून त्यात बसवतात आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधतात. डोळा उघडा ठेवतात. दोन-तीन आठवड्यांनी तो हिरवा असेल तर कलम लागले. मग खुंटाचा वरचा भाग टप्प्याटप्प्याने काढतात. साल सहज सुटते तेव्हाच हे काम साधते, म्हणून आदल्या दिवशी खुंटाला भरपूर पाणी देतात. या कौशल्याला पदवी लागत नाही. भारतातील आधुनिक गुलाबाचे सर्वांत मोठे नाव डॉ. बेंजामिन पिअरी पाल यांचे. ते पेशाने गव्हाचे शास्त्रज्ञ आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक होते. गुलाब ही त्यांची हौस होती, आणि त्या हौसेतून शंभरांवर वाण निर्माण झाले.

पुष्पोत्सवाची तयारी उलट मोजणीने होते. हिवाळ्यात छाटणीपासून फूल उमलेपर्यंत 45 ते 55 दिवस जातात. फेब्रुवारीच्या मध्यावर प्रदर्शन असेल तर डिसेंबरच्या अखेरीस दुसरी हलकी छाटणी करावी लागते, आणि थंडी लांबली तर फुले आठवडाभर मागे पडतात. सावध बागकर म्हणूनच सगळी झाडे एका दिवशी छाटत नाही. तीन-चार दिवसांच्या अंतराने छाटतो. एका फांदीवर मधली एकच कळी ठेवून बाजूच्या कळ्या मोहरीएवढ्या असतानाच काढतात. फूल आदल्या संध्याकाळी किंवा पहाटे कापून लगेच खोल पाण्यात ठेवतात.

परीक्षण कसे होते हे ठाऊक असले की फुलाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. अमेरिकन रोझ सोसायटीच्या पद्धतीत 100 गुणांपैकी 25 आकाराला, 20 रंगाला, 20 देठ आणि पानांना, 15 पाकळीच्या कसाला, प्रत्येकी 10 प्रमाणबद्धतेला आणि मोठेपणाला असतात. म्हणजे ज्या आकारमानावर नवखा भाळतो, त्याला सर्वांत कमी गुण. हायब्रीड टी फूल अर्धे ते पाऊण उमललेले, मध्य उंच आणि पाकळ्यांची गुंफण सारखी असलेले लागते. सर्वोत्तम फुलांना गुलाबांचा राजा, राणी, राजकुमार, राजकन्या असे किताब देण्याची पद्धत आहे. गुलाबांखेरीज शोभिवंत कुंड्या, बोन्साय, पुष्परचना, तबक उद्यान, भाजीपाला असेही विभाग असतात, त्यामुळे बाल्कनीवाल्यालाही जागा मिळते. प्रदर्शनाचे खरे फळ बक्षिसाच्या पलीकडे आहे. आपल्या फुलाशेजारी दुसऱ्याचे फूल ठेवले जाते, तेव्हा कोणाच्या पानावर भुरीचे डाग आहेत आणि कोणाचा देठ बारीक राहिला हे मालकाला स्वतःच दिसते. ती नजर घेऊन तो घरी जातो.

मार्चपासून काम राखणीचे होते. कुंड्या जवळजवळ सरकवून एकमेकींच्या सावलीत ठेवणे, हिरवी जाळी बांधणे, पालापाचोळ्याचे आच्छादन, पहाटेचे पाणी. कोरड्या उन्हात लाल कोळी पानांच्या पाठीवर जमतो. पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालून मारणे हा त्यावरचा पहिला उपाय. माव्यासाठी 50 ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून सायंकाळी फवारतात. याच दिवसांत गळणारी पाने पेटवून देण्याऐवजी जाळीच्या पिंपात शेणकाल्यासह रचली, तर पुढच्या हंगामाच्या कुंड्यांना खत तयार होते. सहलीही या काळात निघतात: पांडवलेण्याच्या पायथ्याचे नेहरू वनोद्यान, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र, एखादी रोपवाटिका.

मे महिन्यातल्या शेवटच्या बैठकीत वर्षाच्या नोंदी वाचतात. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर पेशाने गणिताचे प्राध्यापक. त्यांनी 'प्रयोग परिवार' ही कल्पना महाराष्ट्रात रुजवली: प्रत्येकाने आपल्या जमिनीवर प्रयोग करावा, मोजावे, आणि निष्कर्ष सर्वांना मोकळेपणाने सांगावा. राज्यातल्या द्राक्षबागायतदारांना त्या पद्धतीचा मोठा उपयोग झाला. गच्चीवरच्या कुंडीलाही ती तशीच लागू होते. छाटणीची तारीख, पहिले फूल, आलेला रोग, केलेला उपाय आणि त्याचा परिणाम एवढ्या पाच गोष्टी प्रत्येक सदस्याने लिहिल्या, तरी वर्षअखेरीस एका माणसाला जन्मभरात मिळणार नाही इतका अनुभव समोर येतो. न जमलेल्या कामांची नोंद त्यात सर्वांत उपयोगी असते, कारण तेवढी झाडे पुढच्या वर्षी वाचतात. या नोंदींवरूनच जूनपासूनचे नवे वेळापत्रक ठरते: कोणाच्या बागेत कोणते प्रात्यक्षिक, कोणत्या रोपाची कलमे किती जणांना हवीत, डोळे भरण्यासाठी खुंट कोणी वाढवायचे. अशा वह्या काही वर्षे नेमाने भरत गेल्या की नाशिकच्या मातीचे, पाण्याचे आणि थंडीचे बागशास्त्र त्यांत आपोआप लिहिले जाते, आणि मंडळात नव्याने आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी ते हाती देता येते.