माणूस टिकतो कशाने?

गुढीपाडवा जवळ आला की आमच्या ताडकळसला पारावर एकच विषय निघतो, सालगड्याचा. या पाडव्यापासून त्या पाडव्यापर्यंतचा करार. कुणाचा गडी टिकला, कुणाचा मधेच सोडून गेला, उचल किती द्यावी लागली... "पैसे देऊनही माणसं टिकत नाहीत, गुरुजी," ही तक्रार दरवर्षीची. पुण्यात कारखान्यात सुपरवायझर असलेला माझा भाचाही फोनवर हेच म्हणतो.

मंडळी, हा प्रश्न जुनाच आहे. अमेरिकेत शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून आठ-नऊ वर्षं प्रयोग चालले. दिव्यांचा उजेड वाढवला तर काम वाढलं, कमी केला तरी वाढलं! एल्टन मेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्थ काढला, की आपल्याकडे कुणाचं लक्ष आहे ही भावना आणि सोबत्यांशी असलेलं नातं यांमुळे माणसाचा हात चालतो. पुढे त्या निष्कर्षांवर बरेच वाद झाले, तो भाग वेगळा.

मला मात्र आपल्याकडचं उदाहरण जास्त पटतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसवली. तिथे रात्रीचा पहारा त्यांनी कुणाच्या हाती द्यावा? तर शिक्षा भोगून आलेल्या माणसांच्या! ज्यांच्यापासून लोक घर राखतात, त्यांनाच राखणदार केलं.

मला यात एक फरक दिसतो. लक्ष देण्यात आपलं काही जात नाही. विश्वास टाकण्यात जाऊ शकतं, आणि समोरच्याला ते बरोबर कळतं. वांड पोराला वर्गाचा मॉनिटर करणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला हा अनुभव आहे.

आमच्या गावात एका शेतकऱ्याकडे एकच गडी बारा वर्षं राहिला. आखाड्याची किल्ली त्याच्याकडे, बैल घ्यायचा तर आधी त्याला विचारायचं. पण साल ठरल्याप्रमाणे चुकतं व्हायचं आणि घरात दुखणं निघालं तर दवाखान्याला पैसेही मिळायचे. हे विसरून चालणार नाही. पाठीवर हात फिरवल्याने पोट भरत नसतं. दाम बुडवून गोड बोलणाऱ्याला माणसं आधी ओळखतात.

भाच्याला मी एवढंच विचारलं, "तुझ्या माणसांच्या हाती तू कोणती किल्ली दिली आहेस?"

तो अजून विचार करतोय. असो. तुम्हीही करून बघा.