उरलेला जोर

रबराचं बटण जिगमध्ये ठेवून स्क्रू आवळला की मी घड्याळाकडे बघते. बटण 13 मिलिमीटर व्यासाचं आणि 6.3 मिलिमीटर उंचीचं. ते पाव उंची कमी होईपर्यंत दाबायचं आणि तिथंच धरून ठेवायचं. यापुढे जिगला कुणी हात लावायचा नाही. जोर मोजणाऱ्या लोड सेलवरचा आकडा मात्र त्याच क्षणापासून उतरायला लागतो, आधी भराभर, मग सावकाश. बाहेरून काहीच हललेलं नसतं. आत रबराच्या लांबलचक साखळ्या एकमेकींना चुकवत, वळणं बदलत जागा करून घेत असतात, आणि उलट रेटण्याचा त्यांचा जोर कमी होत जातो. पुस्तकात याला स्ट्रेस रिलॅक्सेशन म्हणतात. मी 'ताण उतरणं' म्हणते. ताप उतरतो, तसाच ताणही उतरतो.

1985 साली बजाजचा कारखाना वाळूजला आला आणि हळूहळू आजूबाजूला सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले. ओ-रिंग, गॅस्केट, ऑइल सील ही त्यांतल्या आमच्या कारखान्याची रोजची भाजीभाकरी. ओ-रिंग तेल अडवते ती दोन्ही बाजूंच्या धातूला सतत रेटत राहते म्हणून. तो रेटा ओसरला की गळती. तरी बहुतेक ठिकाणी विचारतात तो कॉम्प्रेशन सेट: बटण दाबून ओव्हनमध्ये ठेवा, काढा, किती चपटं राहिलं ते मोजा. चाचणी स्वस्त आहे, एका वेळी डझनभर नमुने होतात, आणि कच्चं भाजलेलं कंपाउंड ती लगेच पकडून देते. पण इंजिनात बसलेली रिंग मोकळी होऊन कधी फुगत नाही, ती जन्मभर दाबलेलीच असते. मोकळी झाल्यावर ती कशी दिसेल यापेक्षा दाबलेली असताना किती रेटते, हे मला कळायला हवं. त्यासाठी दिवसचे दिवस ओव्हन अडवून ठेवावा लागला तरी चालेल.

पहिलं रीडिंग अर्ध्या तासाने. त्याआधीचा आकडा रबराइतकाच आवळणाऱ्या हाताबद्दलही सांगतो, कारण कुणी झटकन आवळतं, कुणी दमाने. तिंबलेली कणीक लगेच लाटायला घेतली की आई ओरडायची. पोळी लाटावी तितकी आखडायची. अर्धा तास झाकून ठेवलेली कणीक लाटण्याचं मुकाट ऐकते. आतला ताण तेवढ्यात उतरलेला असतो.

नंतरची रीडिंगं काही तासांनी, एका दिवसाने, तीन दिवसांनी आणि सातव्या दिवशी, म्हणजे 168 तासांनी. काळाचा अक्ष लॉग घेतला की खोलीच्या तापमानाला बहुधा सरळ उतरती रेघ मिळते. एक ते दहा तासांत जितका ताण उतरला, साधारण तितकाच पुन्हा उतरायला शंभर तास उजाडतात. ओव्हनमध्ये मात्र ही रेघ एका जागी खाली वाकते. तिथून पुढे साखळ्या नुसत्या सरकत नाहीत, हवेतला ऑक्सिजन त्यांना तोडू लागतो. मी वाट बघते ती त्या वाकणाची.

एका मे महिन्यात 100 अंशांवर चाचणी लावली होती आणि पाचव्या रात्री लाइट गेली. ओव्हन बंद पडला, लॉगर यूपीएसवर चालू राहिला. सकाळी आलेखात खड्डा दिसला: जोर खाली गेलेला आणि पुन्हा वर आलेला. जिग सरकला असेल, असं आधी वाटलं. मग लक्षात आलं. रबराचा रेटा उष्णतेने चालणाऱ्या साखळ्यांच्या चुळबुळीतून येतो. गार झालं की रेटा घटतो, शिवाय रबर स्टीलपेक्षा जास्त आकसतं. लॅबमधला मुलगा म्हणाला, "मॅडम, मधले पॉइंट गाळून रेघ जोडून टाकू या का?" रेघ छान जुळली असती. पण गार ओव्हनमधले ते तास झिजेचे नव्हते, म्हणजे त्यापुढचा काळाचा अक्षच खोटा झाला असता. पाच दिवस फुकट गेले. आम्ही नवीन बटण लावलं.

ताणाखाली काळाबरोबर हळूहळू बदलत जाण्याच्या या वागण्याची पहिली नीट नोंद रेशमामुळे झाली. 1835 साली ग्योटिंगेनला भौतिकशास्त्रज्ञ विल्हेल्म वेबरने पाहिलं, की वजन लावलेला रेशमी धागा लगेच ताणतो आणि नंतरही कितीतरी वेळ थोडाथोडा ताणतच राहतो. 1867 मध्ये मॅक्सवेलने ताण उतरण्याला काळाचं एक माप दिलं, ताण सुमारे 37 टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ. रबराचं भागत नाही अशा एका मापाने. त्याच्यात सेकंदांचे, तासांचे, महिन्यांचे काळ एकत्र नांदत असतात. रेशमाचं वाचलं तेव्हा मला पैठण आठवलं. तिथे एकदा एका विणकर मावशींना सकाळी मागावर बसताना पाहिलं होतं. धोटा उचलण्याआधी त्यांनी ताण्यावरून बोटं फिरवली, एका जागी थांबल्या, ताणा थोडा घट्ट केला. लोड सेल त्यांच्या बोटांच्या पेरांत होता.

नव्या बटणाचा सातवा दिवस भरला. पहिल्या रीडिंगचे शंभर धरले तर एकसष्ट उरले होते. दिसायला बटण काळंभोर, गुळगुळीत, कुठे चीर नाही. जिगचा स्क्रू सोडला आणि ते लाकडी फळीवर ठेवलं. चपटं झालेलं बटण आधी झटकन वर आलं, मग डोळ्यांना कळणार नाही इतकं हळू. मुलगा कॅलिपर घेऊन पुढे आला, तेव्हा मी त्याला हाताने थांबवलं आणि घड्याळ लावलं. अर्धा तास.